परदेशातला उन्हाळी अभ्यासक्रम: शहरांची यादी बाजूला ठेवा, आठवड्याचं वेळापत्रक मागा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजने इटलीतल्या फ्लॉरेन्सचा पाच आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम जाहीर केलाय, जूनच्या मध्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दोन कोर्स, मिळून सहा क्रेडिट. एक कोर्स रेनेसाँ कलेचा आणि तो सगळ्यांना सक्तीचा. दुसऱ्यासाठी दोन पर्याय: आंतरराष्ट्रीय मार्केटिंग किंवा फ्लॉरेन्सच्या व्यापाराचा इतिहास. शनिवार-रविवारी रोम, व्हेनिस, मिलान. एक वीकेंड मोकळा, आणि त्यात मैत्रिणींना लंडन गाठायचंय. घरचे म्हणतात ही सहल आहे, कॉलेज म्हणतं हा अभ्यास आहे. जावं का, आणि गेल्यास कोणता कोर्स घ्यावा, असं तुम्ही विचारताय.

असे कार्यक्रम आखणं आणि मुलांना घेऊन जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. 'अभ्यास की सहल' या वादातून तुम्हाला निर्णय सापडणार नाही, कारण दोन्ही असतं आणि दोन्ही असायलाच हवं. अडचण असते ती तासांची. पाच आठवड्यांतले किती तास वर्गात जाणार, किती वाचनात, किती रेल्वेत आणि किती रांगेत? आणि वर्गात जे शिकवलं जातं त्याचा बाहेरच्या शहराशी काही संबंध आहे का? ब्रोशरमध्ये याची उत्तरं नसतात. तिथे शहरांची नावं असतात आणि उन्हात हसणाऱ्या मुलांचे फोटो.

काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठाऊक असणार. हे सहा क्रेडिट पदवीसाठी खरोखर लागतात का? विषय कलेशी किंवा इतिहासाशी जवळचा आहे, की निव्वळ आवड म्हणून? पैसे साठवलेले आहेत की कर्ज काढावं लागणार? कर्ज काढायचं आणि क्रेडिट पदवीत धरले जाणार नाहीत, अशी स्थिती असेल तर माझं उत्तर सरळ 'नको' आहे. पुढचं सगळं त्यापलीकडच्यांसाठी.

आता हिशोब करू. बहुतेक ठिकाणी एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग. म्हणजे सहा क्रेडिटचे 90 तास. ते पाच आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 18 तास. शुक्रवार प्रवासासाठी मोकळा ठेवला, आणि असे कार्यक्रम तो हमखास ठेवतात, तर सोमवार ते गुरुवार रोज साडेचार तास वर्ग. वर्गाच्या एका तासामागे घरी दोन तास काम हा जुना दंडक धरला तर आणखी 36 तास. आठवड्याचे 54 झाले. युरोपीय पद्धतीने मोजलं तरी आकडा तिथेच पोचतो. तिथलं एक ईसीटीएस (युरोपातल्या विद्यापीठांची सामाईक पद्धत) क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं एकूण काम, वर्षाला 60 क्रेडिट. प्रत्येकी सहा ईसीटीएसचे दोन कोर्स पाच आठवड्यांत घेतले तर आठवड्याला किमान 60 तास. त्यात तीन वीकेंड प्रवासात.

एवढे तास कुणीच काम करत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मग कुठेतरी काटछाट होते, आणि ती कुठे होते यावरच कार्यक्रम चांगला की फुसका हे ठरतं. एक प्रकार असा की वाचन गायब होतं. वर्गात स्लाइड दाखवतात, शेवटी एक निबंध, सगळ्यांना बरे ग्रेड. दुसरा प्रकार असा की वर्गाचे निम्मे तास म्युझियममध्ये, चर्चमध्ये, रस्त्यावर भरतात. तिथे शिक्षक शिकवतात, मुलं वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. या दुसऱ्या प्रकारात शहर पाहणं आणि तास भरणं एकाच वेळी होतं, म्हणून हिशोब जमतो. तुमच्या कॉलेजचा कार्यक्रम यातला कोणता, हे ओळखायला सिलॅबस नुसता मागू नका, तारीखवार सिलॅबस मागा. 'आठवडा दुसरा: क्वात्रोचेंतोचं (म्हणजे पंधराव्या शतकाचं) चित्रकाम' एवढंच लिहिलं असेल तर काही कळत नाही. 'मंगळवार, सकाळी नऊ, सांता मारिया नोव्हेला चर्चच्या दारात जमणे' असं लिहिलं असेल तर कुणीतरी जागेवर जाऊन विचार केलाय.

सांता मारिया नोव्हेला मुद्दाम घेतलं. तिथल्या भिंतीवर मसाच्चो या चित्रकाराचं 'ट्रिनिटी' हे भित्तिचित्र आहे, 1427 च्या आसपासचं. रेषांच्या यथार्थदर्शनाचं, म्हणजे सपाट भिंतीवर रेषांनी अंतराचा भास निर्माण करण्याच्या तंत्राचं, पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी एक म्हणून ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. पुस्तकात ते तळहाताएवढं दिसतं. प्रत्यक्षात ते साडेसहा मीटरहून उंच आहे, आणि सगळ्या रेषा जिथे मिळतात तो लोपबिंदू उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीच्या आसपास, क्रुसाच्या पायाशी धरलाय. समोर उभं राहिलं की भिंतीत खोदलेली खोली दिसायला लागते. दोन पावलं डावीकडे सरकलात की ती खोली किंचित खोटी वाटते. मी मुलांना तिथे आधी काही सांगत नाही. मागेपुढे हलायला लावते आणि भास कुठून सर्वांत पक्का होतो ती जागा शोधायला सांगते. वीस मिनिटांत त्यांना जे कळतं ते वर्गात दोन तास बोलून कळत नाही. कलेचा कोर्स फ्लॉरेन्सला जाऊन करायचा तो यासाठी.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाचंही तेच. 1420 ते 1436 या काळात तो बांधला, जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. एवढं वाक्य कुठेही वाचता येतं. पण वर जाणारा 463 पायऱ्यांचा जिना घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांच्या मधून जातो, आणि चढताना दोन कवचांची ही रचना अंगाला घासते. तिथून उतरल्यावर त्याच दुपारी वजन आणि भार यांची आकृती काढायला दिली, तर ज्यांना गणिताची भीती तीही मुलं काढतात. मात्र घुमटाला वेळ ठरवून आरक्षण लागतं. गटाचं आरक्षण कार्यक्रमाने आधीच केलंय का, की 'ऐच्छिक' म्हणून तुमच्यावर सोडलंय? ब्रोशरमधला 'ऐच्छिक' हा शब्द दिसला की विचारा.

दुसऱ्या कोर्सच्या निवडीलाही मी हीच कसोटी लावते: हा कोर्स इतर कोणत्याही शहरात जसाच्या तसा शिकवता येईल का? आंतरराष्ट्रीय मार्केटिंग येईल. तेच पाठ्यपुस्तक, त्याच केस स्टडी, फक्त खिडकीबाहेर टस्कनी, म्हणजे फ्लॉरेन्सचा प्रांत. तुम्हाला तो विषय पदवीसाठी अडला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर तो परत आल्यावर करा.

व्यापाराचा इतिहास मात्र फ्लॉरेन्समध्ये दगडाविटांत उभा आहे. फ्लोरिन हे सोन्याचं नाणं इथे 1252 मध्ये पाडलं गेलं आणि पुढे युरोपभर चाललं. मेदिची या फ्लॉरेन्सच्या बलाढ्य घराण्याची बँक 1397 ची. त्याच घराण्याने बांधलेला राजवाडा आजही पाहता येतो. ब्रुनेलेस्कीनेच आराखडा केलेलं अनाथ बालकांचं इस्पितळ रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाच्या पैशाने उभं राहिलं. म्हणजे पैसा कुठून आला, कुठे मुरला आणि कुठे मिरवला हे पायी हिंडत शिकता येतं. आणि कुठल्याच ब्रोशरमध्ये न दिसणारं एक ठिकाण: प्रातो. लोकल रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. तिथे फ्रान्चेस्को दातिनी नावाच्या व्यापाऱ्याचं घर आहे. तो 1410 मध्ये वारला आणि मागे दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि शेकडो हिशोबाच्या वह्या ठेवून गेला. मध्ययुगातल्या व्यापाऱ्याची इतकी कागदपत्रं क्वचितच कुठे उरलीत. कोर्समध्ये प्रातोची एक सकाळ असेल तर शिकवणाऱ्याला विषय कळलाय असं मी समजते.

शिवाय हे दोन कोर्स एकमेकांना पूरक आहेत. एकात ज्याने चित्रासाठी पैसे दिले तो भेटतो, दुसऱ्यात चित्र. वाचन थोडं समाईक होतं, आणि 54 तासांच्या गणितात तेवढं ओझं हलकं होणंही थोडकं नाही.

आता वीकेंड. इथे माझं मत बहुतेक आयोजकांना आवडत नाही. पाच आठवड्यांत तीन मोठी शहरं आणि वर लंडन हे जास्त आहे. फ्लॉरेन्स रेल्वेच्या दृष्टीने मोक्याचं आहे हे खरं. वेगवान गाडीने रोम साधारण दीड तास, मिलान दोन तासांच्या आत, व्हेनिस दोन तासांहून थोडं जास्त. आकडे छोटे दिसतात. पण तीस-चाळीस जणांचा गट हलवायचा म्हणजे पहाटे उठणं, सामान, हॉटेलची चेक-इनची वेळ आणि एकाचा हरवलेला पासपोर्ट. तिसऱ्या आठवड्यात सोमवारच्या वर्गात मुलांचे डोळे पाहिले की रविवारी रात्री गाडी किती वाजता पोचली ते मला विचारावं लागत नाही. जुलैत तिथे पारा वारंवार 35 अंशांच्या वर जातो, आणि जुन्या इमारतींतल्या खोल्यांना एसी असेलच असं नाही. हाही प्रश्न विचारून ठेवा, गंमत नाही.

रोम ठेवा, पण शनिवारी काय आहे ते पाहा. व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत मोफत उघडतात आणि गर्दी अशी की सिस्टिन चॅपेलमध्ये मान वर करायलाही जागा शोधावी लागते. कार्यक्रमात 'शनिवारी दुपारी रोमला आगमन, रविवारी व्हॅटिकन' असं लिहिलं असेल तर वेळापत्रक लिहिणाऱ्याने कॅलेंडर उघडलेलं नाही. फ्लॉरेन्समध्ये उफिझी आणि मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' असलेलं अकादेमिया ही दोन म्युझियमं सोमवारी बंद. तेव्हा 'सोमवारी उफिझी' दिसलं तरी तेच म्हणा. उन्हाळ्यात चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. पिशवीत एक पातळ ओढणी टाकली की काम भागतं.

व्हेनिसला जाताना वाटेत पादुआ लागतं. तिथल्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराची 1305 च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. आत हवेचा ओलावा राखायला आधी एका खोलीत पंधरा मिनिटं बसवतात आणि मग साधारण तेवढाच वेळ आत सोडतात. आरक्षण सक्तीचं. मसाच्चो पाहिल्यावर मागे वळून जोत्तो पाहणं म्हणजे एका शतकाचा फरक एकाच आठवड्यात डोळ्यांखालून जाणं. मला निवड दिली तर व्हेनिसचा एक दिवस कमी करून मी पादुआ घालेन. (व्हेनिसने 2024 पासून ठराविक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असतं. हे आयोजक बघतील, पण बघितलंय ना हे विचारा.) मिलानबद्दल एवढंच, की लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या भित्तिचित्राचं आरक्षण हातात असेल तर जा. तिथेही पंधराच मिनिटं मिळतात आणि तिकिटं फार आधी संपतात. आरक्षण नसेल तर तो वीकेंड फ्लॉरेन्समध्येच काढा. सान मार्कोच्या मठात फ्रा आंजेलिकोने भिक्षूंच्या एकेका खोलीत काढलेलं चित्र शांतपणे पाहायला गटाच्या धावपळीत कधीच वेळ मिळत नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या काही दिवसांतच 24 जून येतो. तो फ्लॉरेन्सचा संरक्षक संत सान जोव्हान्नीचा सण. शहराला सुट्टी, रात्री आतषबाजी. त्या दिवशी कुठे बाहेरगावी नेत असतील तर विरोध करा.

आणि लंडन. ही फक्त दमणुकीची बाब नाही, व्हिसाचीही आहे. इटली शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ब्रिटन नाही. ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो त्यांना तो एकदाच प्रवेशाचा मिळालेला असेल, तर लंडनला जाण्यासाठी शेंगेनबाहेर पाऊल टाकताच तो संपतो, आणि सोमवारच्या वर्गाला परत येता येत नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी विद्यार्थी विमानतळावर ही गोष्ट शिकतो. म्हणून अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि मिळालेल्या स्टिकरवर काय छापलंय ते वाचा. ब्रिटनची परवानगी वेगळी काढावी लागते ती निराळीच. मैत्रिणींचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर प्रत्येकीचा नियम वेगळा असू शकतो.

व्हिसाचं बाकी काम सरळ आहे. शेंगेनमध्ये कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं, त्यामुळे पाच आठवडे सहज बसतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने किमान 15 दिवस आधी पोचला पाहिजे, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, म्हणून कॉलेजकडून प्रवेशाचं पत्र केव्हा मिळणार ती तारीख आत्ताच घ्या. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. कॉलेजचा गट विमा हे निकष पूर्ण करतो का ते लेखी घ्या. इतर देशांत नियम वेगळे असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेत पदवीत मोजले जाणारे क्रेडिट घ्यायचे तर पर्यटकाच्या व्हिसावर चालत नाही. त्यामुळे दुसऱ्या कार्यक्रमाला गेलेल्या मैत्रिणीचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

क्रेडिटबद्दल. माझ्याकडे परत आल्यावर रडवेली होऊन येणारी मुलं बहुधा याच कारणाने येतात. कार्यक्रम तुमच्याच कॉलेजचा असला तरी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे क्रेडिट आणि ग्रेडचं अधिकृत पत्रक, कोण देणार हे विचारा. कॉलेजचं स्वतःचं असेल तर प्रश्न कमी. तिथल्या विद्यापीठाचं असेल तर ईसीटीएसचं रूपांतर कसं करणार, दोन ईसीटीएसला एक क्रेडिट हा नेहमीचा दर लावणार का, आणि ग्रेड सरासरीत धरणार की नुसतं 'उत्तीर्ण'? एखाद्या मधल्या संस्थेचं 'सहभागाचं प्रमाणपत्र' असेल तर त्याला ट्रान्सक्रिप्ट समजू नका. विभागप्रमुखांकडून निघण्याआधी सही घ्या, आणि त्या कागदावर 'ऐच्छिक क्रेडिट' लिहिलंय की 'मुख्य विषयाचं क्रेडिट' हे नीट वाचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. परत येईपर्यंत दोन्ही कोर्सचे सिलॅबस, लिहिलेले निबंध आणि हजेरीचा कागद जपून ठेवा.

राहण्याची सोय हा मोठा विषय आहे, पण तुमच्या बाबतीत थोडक्यात. सगळ्यांना एकाच इमारतीत ठेवलं तर सुरक्षित वाटतं आणि पाच आठवडे आपल्याच लोकांशी आपल्याच भाषेत बोलणं होतं. कुटुंबात राहण्याचा पर्याय असेल आणि तुम्ही थोडी इटालियन शिकून जाणार असाल तर तो घ्या. शिकून जाणार नसाल तर पाच आठवड्यांत त्याचा फार उपयोग होत नाही, उलट संध्याकाळी अवघडल्यासारखं होतं. निघण्याआधीचे दोन महिने रोज थोडी भाषा केलीत तर दुकान, स्टेशन, दवाखाना एवढं निभतं, आणि तेवढंही गटातल्या बहुतेकांना येत नाही.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: क्रेडिट पदवीत धरले जात असतील, कर्ज काढावं लागत नसेल आणि तारीखवार सिलॅबसमध्ये निदान एकतृतीयांश वर्ग जागेवर भरत असतील, तर जा. दुसरा कोर्स व्यापाराच्या इतिहासाचा घ्या. घरच्यांना शहरांची यादी दाखवू नका, ते वेळापत्रक दाखवा. 'सहल' म्हणणाऱ्या पालकांचं मत मी त्याने बदललेलं पाहिलंय, आणि एकदोनदा वेळापत्रक पाहून पालकांचंच खरं निघालेलंही. वर्ग जागेवर भरत नसतील पण इटली पाहायचीच असेल, तर सत्र संपल्यावर स्वतः दोन-तीन आठवडे फिरा. खर्च कमी येईल आणि निबंधही लिहावे लागणार नाहीत.

समन्वयकांना आजच एक छोटा मेल पाठवा. त्यात एवढंच विचारा: तारीखवार सिलॅबस, ट्रान्सक्रिप्ट देणाऱ्या संस्थेचं नाव, कोणती आरक्षणं गटासाठी झाली आहेत त्यांची यादी, प्रवेशपत्राची तारीख, आणि कार्यक्रम रद्द झाल्यास किंवा व्हिसा नाकारल्यास किती पैसे परत मिळतात. व्हिसा नाकारला जाण्याचा मुद्दा वेगळा विचारा, कारण परताव्याच्या नियमांत तो बऱ्याचदा धरलेला नसतो. उत्तर यायला वेळ लागणार असेल तर डिपॉझिट भरण्याची मुदत वाढवून मागा. लेखी कारण दिलं तर आठवडाभर बहुतेक जण देतात.